पाठमोरी बाई

प्रिय वहिनी,

हे पत्र तुझ्या हाती द्यायचा धीर मला होणार नाही.

प्रदर्शनात तू मी काढलेल्या चौकाच्या तैलचित्रासमोर कितीतरी वेळ उभी होतीस. ट्राम, न्हाव्याचं दुकान, हुज्जत घालणारे हमाल, सगळं निरखून झाल्यावर हळूच विचारलंस, "यात मी कुठंय गं?"

मला चौकात बसून रंगवता यावं म्हणून तू माझी लेक सांभाळलीस, दादाची बोलणी खाल्लीस. आणि चित्रात तू कुठेच नव्हतीस. मी घाईघाईत एका पाठमोऱ्या बाईकडे बोट दाखवलं. ती समोरची शिंपीण होती.

तू केवढी हरखलीस. काल तर माहेरच्या सगळ्यांना तिथं घेऊन गेलीस आणि "बघा, माझी मान कशी ओळखू येते," असं सांगत सुटलीस.

आज सकाळी मी नवा कॅनव्हास ताणला आणि म्हटलं, "वहिनी, जरा समोर बस. तुझं चित्र काढते."

कपडे वाळत घालता घालता तू हसलीस. "एकदा काढलंस ना? आता कशाला रंग वाया घालवतेस? पोरीला बघते मी. तू जा चौकात."

आणि मी गेले गं.

तुझी नणंद