मागचं चाक मीच काढलंय

दादा, जीपचं मागचं डावं चाक मी काढून ठेवलंय, ते बसवू नकोस. वहिनीला उतारावरच्या दवाखान्यात रिक्षाने जायला सांग. तुला पेडल दोनदा मारून ब्रेक धरायची सवय झालीय. ती बिचारी एकदाच मारते, आणि पहिल्यांदा पेडल थेट तळाला जातं. चाकामागचा ब्रेकचा ड्रम उघडून बघितलास कधी? आत ब्रेक ऑइल गळून लायनर चिंब झालेत.

आता ओरडू नकोस. काकांनी त्यांच्या गॅरेजात बसवलेला त्या चाकाचा ब्रेक सिलेंडर मागच्या महिन्यात मीच खोलला आणि शहाणपणा करून पेट्रोलने धुतला. त्याने आतलं रबर फुगून खराब झालं. ब्रेक लागेनात तेव्हा, नव्याचे पैसे घेऊन जुना सिलेंडर लावला, असं म्हणत तू काकांना चारचौघांत चोर ठरवलंस, तेव्हा मी शेजारीच उभी होते. एरवी एवढं तोंड चालतं माझं, तेव्हा दातखीळ बसली.

नवीन सिलेंडर आणायला त्यांच्याकडेच गेलेय. आधी सगळं खरं सांगणार. ब्रेकमधली हवा काढताना एकाला पेडल दाबत बसावं लागतं. काका आलेच, तर पेडलवर तू बस आणि आधी त्यांची माफी माग. माझी मागून झालेली असेल.