जांभळ्याचं पिवळं

४ मार्च

नोकरी लागली! प्रयोगशाळेत. बाटल्या धुवायच्या, मुळ्या वाळवायच्या, दळायच्या. मावशी म्हणाली, "भटकभवानी, किती टिकतेस बघू." मीही तेच बघतेय.

मुळी शतावरीची. पाळी गेल्यावर बायकांचं अंग पेटतं, झोप उडते, त्यावर घेतात म्हणे. मावशीचं सध्या हेच चाललंय. पडदे शिवता शिवता मध्येच उठते आणि डोकं नळाखाली धरते. कपाळावरून पाणी गळत असताना मलाच ओरडते, "पंखा कुणी बंद केला?" पंखा चालूच असतो.

७ मार्च

आज जादू पाहिली. नळीत गर्द जांभळं पाणी. त्यात मुळीचा अर्क टाकला की रंग उतरत उतरत पिवळा!

प्रयोगशाळेच्या मॅडमनी समजावलं – शरीरात काही उनाड रेणू असतात, तसलेच त्या जांभळ्या पाण्यात. एका जागी टिकत नाहीत, दिसेल त्याला ओरबाडतात. मुळीतली द्रव्यं त्यांना हवं ते देऊन गप्प बसवतात. त्या द्रव्यांनाच अँटिऑक्सिडंट म्हणतात. म्हटलं, उनाड म्हणजे माझेच भाऊबंद की! मॅडम हसल्या नाहीत. "हे नळीत झालं. बाईच्या अंगात काय होईल ते नळी सांगत नाही."

असेल. पण काय पिवळं झालं होतं! येताना एका दुकानाला तसाच रंग देत होते, बघत उभी राहिले. बस चुकली.

९ मार्च

उरलेली पावडर घरी आणली. न विचारता. मावशीनं जिभेवर ठेवून तोंड वाकडं केलं. "कडू आहे. म्हणजे गुणाची असणार."

१९ मार्च

गुण आला! मावशी म्हणते, अंगाची आग निम्म्यावर आली. "तुझ्या हाताला यश आहे गं." आजवर माझ्या हाताला फक्त फुटक्या कपांचं यश होतं.

मैत्रीण दुसऱ्या गावी बोलावतेय, हॉटेलात काम आहे म्हणे. नाही म्हटलं. मी! नाही म्हटलं!

२ एप्रिल

मावशी मोरीत चादर धूत होती. पाणी लालसर. मला बघून दचकली, मग हसली. "बघतेस काय? तुझ्या मुळीची करामत! दोन वर्षांनी पाळी परत आली. आता लग्नाला उभी राहते मी."

पोट धरून हसलो दोघी.

३ एप्रिल

मॅडमना मोठ्या ऐटीत सांगितलं. त्यांनी हातातली नळी खाली ठेवली.

"पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्त गेलं तर ती पाळी नसते. मावशीला डॉक्टरकडे ने. आजच. आणि ती पावडर तिला कुणी दिली?"

"मीच," म्हटलं आणि घरी धावले.

४ एप्रिल

"आधी पडदे, मग डॉक्टर," मावशी म्हणते. ओरडले, रडले, मशीनची सुई काढून लपवली. दुसरी लावली तिनं.

७ एप्रिल

शेवटी नेलंच. गर्भाशयाच्या आतला तुकडा काढून तपासायला पाठवलाय. डॉक्टरीण म्हणाली, "पावडर बंद. तिच्यामुळे असेल तर थांबेलही. दुसरं काही, कॅन्सरसारखं, असेल तर तपासणीत कळेल."

मावशी रिक्षात म्हणाली, "उगाच खर्च."

१० एप्रिल

रिपोर्ट नाही. मॅडमनी कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं. आज जांभळ्याचं पिवळं होताना बघवेना, तोंड फिरवून बाटल्या धूत राहिले.

मीच केलंय हे. मीच दिली.

१२ एप्रिल

मला जेवण जाईना म्हणून मावशीनं आज तोंड उघडलं. रक्त थंडीपासूनच जात होतं. पावडर घरात यायच्या कितीतरी आधी. आग तर तसूभरही कमी झाली नव्हती. "तू पहिल्यांदाच कुठं टिकत होतीस. म्हटलं, गुण आला म्हटलं की राहशील."

म्हणजे दोष पावडरीचा नाही.

असायला हवा होता गं, मावशी!