एकाच घरातून गेलेली तीन टेंडरं

आई,

परवा शुक्रवारी ऑफिसात एका गोष्टीवर बरीच चर्चा झाली आणि मी गप्प बसून राहिले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बोल की, तोंडात टाचण्या धरल्यात का?" हिंजवडीत मी हल्ली जिथे काम करते तिथे सरकारी टेंडरांचं सॉफ्टवेअर बनतं, हे तुला माहीत असायचं कारण नाही, तू होतीस तेव्हा मी बँकांची कामं करायचे. आता सरकारी खाती आमच्याकडून ही व्यवस्था घेतात. टेंडर कॉम्प्युटरवर निघतं, घरबसल्या भरता येतं आणि भाव सगळ्यांना दिसतील असे उघडतात. परवाचा प्रश्न असा होता की एकाच टेंडरला दोघातिघांचे भाव एकाच कॉम्प्युटरवरून आले, तर सॉफ्टवेअरनेच त्यांना परस्पर बाद करायचं, की आधी एखाद्या अधिकाऱ्यासमोर ठेवायचं. माझ्या टीममधला एक इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, सेम मशीन म्हणजे सरळ रिजेक्ट. यात डिस्कस काय करायचंय?" सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण यात शेवटचा शब्द माझा असतो. मी म्हटलं, सोमवारी सांगते. आज रविवार आहे, दुपारची भांडी पडली आहेत आणि मी तुला लिहायला बसले आहे.

बिबवेवाडीतला आपला गाळा मला आधी वासाने आठवतो. नव्या कापडाची खळ, मशीनचं तेल, आणि बायकांनी डबे उघडले की लसणाची चटणी. सरकारी शाळांचे गणवेश शिवायचीस तू. मुलांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्याकडे कुणाला मान वर करायला फुरसत नसायची. बुद्धपौर्णिमा तेवढी सुट्टीची. त्या दिवशी तू सगळ्या बायकांना घरी बोलावून खीर वाढायचीस आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच कडकपणे उशिरा आलेल्यांकडे बघायचीस. एकदा कॉलेजच्या सुट्टीत मी मदतीला बसले आणि शर्टाच्या खिशावर वाकडी टीप मारली. मी म्हटलं, एवढ्या ढिगात कुणाला दिसणार आहे. तू शर्ट माझ्या पुढ्यात टाकलास. "सरकारी शाळेतली मुलं म्हणून वाकडं चालतं होय? उसव." मी उसवतेय, आणि बायका खाली मान घालून हसताहेत. त्या दिवशी मला तुझा भयंकर राग आला होता.

पण टेंडराचं तुमचं जे चालायचं, ते काही सरळ टिपेचं नव्हतं. कमीत कमी तीन टेंडरं आली नाहीत तर शिक्षण खातं सगळं रद्द करून परत मागवायचं, असा नियम. म्हणून तुम्ही तिघं. तू, कात्रजचे काका, जे घरामागच्या शेडमध्ये शिवणकाम चालवायचे, आणि मार्केट यार्डजवळच्या मावशी, ज्यांनी नवरा गेल्यावर त्याचं कापडदुकान आणि शिवणाचा कारखाना दोन्ही सांभाळलं. टेंडर निघालं की तुम्ही आपल्या स्वयंपाकघरात जमायचात. काका येताना डेअरीतून दुधाच्या पिशव्या आणायचे, चहा त्याच दुधाचा व्हायचा. कप हातात आला की काका विचारायचे, "ताई, ह्या साली नवरदेव कोण हाय?" ज्याची पाळी तो नवरदेव, आणि मुद्दाम चढे भाव भरून त्याच्याबरोबर उभे राहायचे ते दोघं करवल्या. तू नवरदेव झालीस की मावशी म्हणायच्या, "मुंडावळ्या शोभतात हो तुम्हाला." मग मेणबत्तीवर लाख वितळायची, पाकिटांवर थेंब पडायचे, आणि तिन्ही पाकिटं एकाच पिशवीतून खात्याच्या ऑफिसातल्या टेंडरपेटीकडे जायची. मला ते सगळं सणासारखं वाटायचं.

पुढे मला कळायला लागलं तेव्हा मी एकदा म्हणाले, "आई, हे म्हणजे फिक्सिंग झालं." तू पोळी लाटत होतीस. लाटणं थांबवलं नाहीस. "मग काय करू, त्या दोघांचे गळे कापू? कात्रजची शेड बंद पडली तर तिथल्या बायका कुठे जाणार, तुझ्या कॉलेजात?" त्याचं उत्तर मला आज सुचतं. नवरदेवाचा भाव दरवेळी असायला हवा त्याहून थोडा चढाच असायचा, आणि चौथा कुणी नवखा टेंडर भरायला आला तर तिथल्या कारकुनाला त्याच्या कागदांत हमखास काहीतरी कमी सापडायचं. तो चौथा कोण होता, त्याच्या शेडमध्ये कोण शिवत होतं, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. आणि गंमत म्हणजे तोच कारकून तुलाही छळायचा. तुझा अर्ज हातात घेऊन आधी आडनाव वाचायचा, मग वर तुझ्याकडे बघायचा, मग म्हणायचा, "उद्या या." काकांना तो कधी उद्या या म्हणाला नाही. तू घरी येऊन हे सांगायचीस ते हसत हसत, आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच टेबलापुढे जाऊन उभी राहायचीस.

म्हणून टेंडरं कॉम्प्युटरवर आली तेव्हा बाकी दोघं घाबरले आणि तू खूश झालीस. बाहेरगावच्या मोठमोठ्या कंपन्या आता इथे न येता भाव भरणार, आपलं कसं व्हायचं, असं मावशी म्हणत होत्या आणि ते खोटं नव्हतं. पण छोट्या कारखान्यांना अनामत रक्कम माफ झाली होती, फॉर्मासाठी कुणाच्या टेबलापुढे उभं राहायचं नव्हतं. त्या ऑफिसात माहिती द्यायला एक सभा झाली, तिथून तू आलीस ती चप्पल काढायच्या आधीच म्हणालीस, "ह्या मशीनला आडनाव वाचता येत नाही." मी समजावायला गेले की तसं नसतं, त्यात नाव-आडनाव सगळं भरावं लागतं. तू म्हणालीस, "भरावं लागू दे. वाचून ते वर बघत नाही ना?"

मग तू त्या दोघांना बोलावून सांगितलंस की या वेळी नवरदेव नाही आणि करवल्या नाहीत. ज्याने त्याने आपला भाव लावायचा. काका म्हणाले, "ताई, इतक्या वर्षांचा संसार मोडताय व्हय?" तू म्हणालीस, "मला एकदा बघायचंय, मी खरी कुठे उभी आहे ते. सगळे म्हणतात पाळीने मिळतं. पाळी नसली तर मिळतं का, ते बघू." तुला ते किती हवं होतं हे मला त्या दिवशी दिसलं. काम तर हवंच होतं, पण त्याहून जास्त, कुणी दिलं म्हणून न मिळालेलं काम हवं होतं.

दोघांकडे कॉम्प्युटर नव्हता. कुठल्या तरी सायबर कॅफेत भाव उघडा करायची त्यांना भीती वाटत होती, आणि आपल्या घरी मी होते. तर ठरलं की तिघांनी आपापली डिजिटल सहीची, पेनड्राइव्हसारखी चावी घेऊन आपल्याकडेच यायचं. तो दिवस आठवला की मला अजून हसू येतं. मावशी माझ्याशेजारी बसून कानात भाव सांगताहेत आणि काका गॅलरीत, आमच्याकडे पाठ करून उभे आहेत. काकांची पाळी आली तशी तू स्वयंपाकघरात गेलीस आणि त्यांचा आवाज मोठा म्हणून चक्क मिक्सर लावलास. शेंगदाण्याची चटणी. काकांना मिक्सरमुळे अजून मोठ्याने ओरडावं लागलं, आणि तू तो बंद करेपर्यंत चटणीचं पीठ झालं होतं. तुझा भाव तू मला तोंडाने सांगितलाच नाहीस, चिठ्ठीवर लिहून दिलास. इतक्या प्रामाणिकपणे कुणी टेंडर भरलं असेल असं मला वाटत नाही.

भाव उघडले त्या दिवशी पडद्यावर पहिलं नाव तुझं होतं. सगळ्यात कमी. बाहेरगावची कंपनी तुझ्या खाली, मावशी आणि काका तिच्याही खाली. तू खुर्चीत बसली नाहीस, उभ्यानेच वाचलंस, परत वाचलंस, आणि म्हणालीस, "गाळ्यावर जाऊन येते." बायकांना सांगायला गेली होतीस. आणि पुढच्याच आठवड्यात तिघांनाही खुलासा द्यायला बोलावणं आलं, की तिन्ही टेंडरं एकाच कॉम्प्युटरवरून भरली गेली आहेत.

मी तुमच्याबरोबर आले होते. साहेब तरुण होते, चांगले होते, तुला "आपण बसा ना" म्हणाले, चहा मागवला. मी सांगणार होते की कॉम्प्युटर माझा आहे, यांना येत नाही म्हणून मी भरून दिलं. पण तुला राहवलं नाही. तू पुढे सरकून म्हणालीस, "साहेब, शपथेवर सांगते, आम्ही पहिल्यांदाच काही ठरवलं नाही." साहेबांनी पेन खाली ठेवलं. "पहिल्यांदाच? म्हणजे याआधी ठरवत होतात?" खोटं बोलणं तुला जमलं असतं तर किती बरं झालं असतं. मावशींनी पदर तोंडाला लावला. काका म्हणाले, "साहेब, चहा गार होतोय तुमचा."

तिघंही बाद झालात, आणि पुढची काही वर्षं टेंडर भरायला बंदी. काम बाहेरगावच्या कंपनीला गेलं. रिक्षात मी रडायला लागले तर तू म्हणालीस, "तो कॉम्प्युटर खोटं कुठे बोलला? एकाच घरातून गेली होती की." त्यानंतर तू खाजगी दवाखान्यांचे ॲप्रन शिवलेस, साड्यांना फॉल लावलेस, गाळ्यातल्या बऱ्याच बायका एकेक करून हिंजवडीच्या कंपन्यांत साफसफाईच्या कामाला लागल्या. त्यातली एक मला ऑफिसच्या लिफ्टमध्ये भेटायची आणि तुझी चौकशी करायची. तू खचलीस असं मी म्हणणार नाही. पण सरकारी शाळेची मुलं रस्त्याने जाताना दिसली की तू त्यांच्या खिशांवरची टीप बघायचीस, आणि घरी येऊन सांगायचीस की वाकडी आहे.

आता सोमवारचं. मला आधी वाटलं होतं की माझं उत्तर सोपं आहे, मशीनने बाद करू नये, माणसाला विचारू द्यावं. मग आठवलं की तुला माणसानेच विचारलं होतं, आणि आडनाव वाचून वर बघणाराही माणूसच होता. तरी मी हेच सांगणार आहे, की भाव उघडायच्या आधी भरणाऱ्याला कळवावं आणि त्याचं म्हणणं ऐकावं. तालुक्याच्या गावी एकाच दुकानातून सगळेजण टेंडरं भरतात, हे कारण देईन. ते खरंच आहे आणि बैठकीत पटेलही. तुझं उदाहरण देणार नाही. दिलं तर कुणीतरी तोच प्रश्न विचारेल, की याआधी ठरवत होते का.

काका गेले, मावशी मुलाकडे गेल्या त्या तिकडेच वारल्या. तो भाव तुझा एकटीचा होता आणि खरोखर सगळ्यात कमी होता, हे ठाऊक असलेली आता मीच उरले आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून यात तरी खरं लिहावं. तुझी लाज वाटते म्हणून मी तुझं नाव घेणार नाही असं नाही, हे वाक्य मी वर लिहिलं होतं आणि खोडलं. थोडी वाटते, आई.