देवदाराच्या ओट्याला कोणता खिळा

मुक्काम वाई (तुमच्याच घरी),
गुरुवार

ती. स्व. दाजी यांस,

शरच्चंद्राचा वाकून नमस्कार. (तुम्ही वाकू नका, डॉक्टरांची मनाई आहे.) नवा गुडघा रुळला असेल, बंगळुरूचं गोड सांबार अजून सोसवत असेल आणि ताई आता लेकाच्या, म्हणजे शौनकच्या, घरातली कपाटं आवरत असेल, असं धरून चालतो. इकडे सगळं उत्तम आहे. म्हणजे, मी आहे.

तुमच्या खोलीबाहेरच्या देवदाराच्या ओट्याबद्दल कळवतो. तो झाला की एकही पायरी न उतरता तुम्हाला नदीकडे तोंड करून बसता येईल, आणि तो झाल्याशिवाय डॉक्टर तुम्हाला वाईला सोडणार नाहीत. म्हणूनच सांगलीचं, विश्रामबागेतलं माझं घर बंद करून मी इथं राहिलो. साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला खिळ्यांतलं कुणी शिकवू नये. तरी तुम्ही निघायच्या दोन दिवस आधी शौनकने फळ्यांबरोबर स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंचे सहा डबे पाठवले. डबा उघडला आणि दाजी, मन भरून आलं. काय ती चकाकी! असा माल कुणी पायाखाली घालतं का? (ताईने लग्नातला कपांचा सेट अजून एकाही पाहुण्यासमोर काढलेला नाही, ते उगाच नाही.) मी डबे जपून कपाटात ठेवले आणि अर्जुना सुताराला साधे लोखंडी खिळे आणून दिले.

उंब्रजचा हा अर्जुना तसा कमी बोलतो. म्हणाला, "आवं सायेब, देवदाराला लोखंड सोसत न्हाई. पानी लागलं की काळं रडतंय त्ये." मी त्याला अर्धा तास समजावलं. काम झालं. मग दोन दिवस पाऊस लागला आणि तिसऱ्या दिवशी बघतो तर प्रत्येक खिळ्याभोवती काजळ ओघळलेलं. ओट्यामागच्या भिंतीवर मारलेल्या देवदाराच्या पट्ट्यांवर तर वरपासून खालपर्यंत. लाकडातल्या रसाचं आणि लोखंडाचं जमत नाही म्हणे.

मी डगमगलो नाही. जस्ताचा मुलामा दिलेले खिळे आणले. हातोडीने मुलामा उडाला आणि पुढच्या पावसात तेही ओघळले. वर उन्हात फळ्या वाकल्या आणि खिळ्यांची डोकी वर आली. ओट्याला स्क्रूच लागतो, खिळा धरून ठेवत नाही, असं अर्जुनाचं मत. (माझंही पहिल्यापासून तेच होतं, फक्त बोललो नव्हतो.) आता सगळे खिळे उपसलेत, डाग लिंबाने घासून बरेच फिके केलेत, चिरलेल्या दोन फळ्या कोपऱ्यात घेतल्यात. आधी भोकं पाडून स्टेनलेसचे स्क्रू बसवायचे एवढंच उरलंय. चार दिवसांचं काम. थोडक्यात, योग्य निवड मी केलेली आहे.

काल नुसत्या मांडलेल्या फळ्यांवर तुमची खुर्ची टाकून बसून पाहिलं. नदी छान दिसते. पण शेजारी माझ्या चुका काढायला तुम्ही नव्हतात, त्यामुळे फार वेळ बसवलं नाही. लवकर या.

आपला,
शरच्चंद्र

ता. क. हे पत्र ताईच्या हाती देऊ नये. वाचून दाखवायचंच झालं तर फक्त नमस्कारापर्यंत.

ता. क. दुसरा. स्क्रूचे डबे मी ताईच्या लोखंडी कपाटात ठेवले होते. निघताना तिने कपाटाच्या कडीला कुलूप घातलं आणि किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत विचारून झालं, तेवढ्या लांबीचे स्टेनलेसचे स्क्रू कुणाकडे नाहीत. तेव्हा ती पूजेला बसली की किल्ली काढून कुरिअरने धाडावी. किल्लीशिवाय ओटा नाही आणि ओट्याशिवाय तुम्ही नाही.

ता. क. तिसरा. कुलूप तोडा असं सुचवू नये. अर्जुनाने कालपासून हातोडी, छिन्नी आणि पहार लावून पाहिली. ते कुलूप ताईला मीच निवडून दिलेलं आहे.