बाळ कुठे ठेवायचं

४ मार्च, सोमवार

तीन घरं बघितली. पुढच्या सोमवारपासून कामावर जायचंय, त्यामुळे बाळ कुठे ठेवायचं ते आज ठरवणं भाग होतं. नवरा म्हणाला, 'तुझ्या मनाला पटेल तिथे ठेवू.' मनाला विचारलं. मन गप्प. मग कारखान्यात चष्म्याची भिंगं तपासते तशी घरं तपासली. प्रत्येक घरात दहा मिनिटं, घड्याळ लावून.

पहिलं घर – नऊ मुलं, एक बाई, टीव्ही चालू. मुलं शांत. फारच शांत. 'बघा, एकाचा म्हणून त्रास नाही,' बाई म्हणाली. दहा मिनिटांत तिने एकाही मुलाकडे पाहिलं नाही. मुलांनीही तिच्याकडे पाहिलं नाही.

दुसरं – फरशी आरशासारखी. चार मुलं चार खुर्च्यांत, पट्टे लावून. एक मुलगी खिडकीकडे बोट दाखवून 'ऊं, ऊं' करत होती. काय दाखवतेय ते कुणी बघितलं नाही. थोड्या वेळाने तिने बोट खाली घेतलं.

तिसरं – गल्लीच्या टोकाला, तळमजल्यावरची मोठी खोली. चार मुलं, पातेली, झाकणं, ठोकळे, नुसता पसारा. बाई साठीच्या पुढच्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. गल्ली त्यांना अजून ऑपरेटरबाईच म्हणते. मूल 'बा' म्हणालं की हातातलं काम ठेवून त्याच्याकडे बघतात – 'हं, बोला.' आणि थांबतात. खरोखर थांबतात, मूल पुढचं काही बोलेपर्यंत. दहा मिनिटांत एकोणीस वेळा. मी मोजलं.

तिसरं पास.

नवऱ्याला सांगितलं. 'बरं वाटलं ना आता?' मी हो म्हणाले. वाटलं काहीच नव्हतं.

११ मार्च, सोमवार

पहिला दिवस. ढब्बूला ऑपरेटरबाईंच्या हातात दिलं. ढब्बू हे त्याच्या बापाने ठेवलेलं नाव. आठ महिन्यांचा आहे, नावाला शोभेल असा. दारात दुसरी एक आई डोळे पुसत होती. मी घड्याळ बघितलं. शिफ्ट साडेआठची.

सातशे साठ भिंगं झाली. ओरखडे एकवीस, बुडबुडे चार. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, 'जीव लागत नसेल ना कामात?' मी मान हलवली. या प्रश्नावर मान हलवायची असते.

१४ मार्च, गुरुवार

तो झाला त्या दिवसापासून हे असं आहे, काही वाटतच नाही. कुणाला बोलले नाही. वहीत लिहिते – वही कुठे जाऊन सांगणार!

२१ मार्च, गुरुवार

त्याला आणायला गेले तेव्हा लंगोट बदलणं चाललं होतं. ऑपरेटरबाई सगळं सांगत सांगत करतात. 'आता डावा पाय. आला. उजवे कुठे गेले? अहो उजवे, वाट बघतोय आम्ही.' आणि उजवा पाय खरंच वर आला. उचलण्याआधी हात पुढे करून विचारतात, 'उचलू?' त्याने हात वर केले की मगच उचलतात. मी त्याला धुण्याच्या बोचक्यासारखा उचलते. कुठे चुकलंय असं नाही, बोचकंही मी कधी पाडलेलं नाही.

'तुम्हाला कंटाळा येत नाही?' मी विचारलं.

'बावीस वर्षं लोकांच्या लाईनी जोडल्या, बाई. एकदा मोठ्या साहेबांना त्यांच्या बायकोऐवजी सासूशी जोडलं. तीन मिनिटं गोड बोलत होते हो सासूशी. तेव्हापासून ठरवलं, पलीकडे कोण आहे ते आधी नीट ऐकायचं.'

मोठ्याने हसल्या. ढब्बूही हसला. त्याला काय कळलं कोण जाणे. मी ओठ ताणले.

२८ मार्च, गुरुवार

ताप होता त्याला. सुट्टी घेतली. औषध दिलं, अंग पुसलं, दर तासाला ताप लिहून ठेवला. संध्याकाळी उतरला. नवरा कामावरून आला – लिफ्ट दुरुस्तीचं काम, हात नेहमी ग्रीसने काळे – आणि माझा तक्ता बघून म्हणाला, 'नर्सच व्हायला हवी होतीस तू.'

कौतुकाने म्हणाला. बराच वेळ तेच वाक्य डोक्यात राहिलं.

२ एप्रिल, मंगळवार

वन्सं आल्यात. नवऱ्याची थोरली बहीण. इथून गाडीने पाच तासांवर राहतात. मूलबाळ नाही, आणि तो विषय त्यांच्यासमोर कुणी काढत नाही. आल्या आल्या ढब्बूला मांडीवर घेतलं ते जेवायलाही उठल्या नाहीत.

जेवणं झाल्यावर भाऊबहीण स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होते. मग नवरा बाहेर आला. 'ताई म्हणतेय, सहा महिने नेते त्याला. तुला विश्रांती मिळेल. तू अगं... दमलेली दिसतेस.'

वन्सं दारात उभ्या होत्या. एरवी कुणाचं ऐकून न घेणारी बाई. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. म्हणाल्या, 'मी जिवापाड सांभाळीन गं.'

ते खरं आहे. त्यात ओरखडा नाही, बुडबुडा नाही.

मी म्हणाले, 'न्या.'

दोघं माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं होतं मी भांडेन.

८ एप्रिल, सोमवार

ऑपरेटरबाईंना सांगितलं, शनिवारी तो जातोय, सहा महिन्यांसाठी. मला वाटलं उपदेश होणार. तो नाही झाला. 'घरच्या माणसाकडेच चाललाय ना, बरं,' म्हणाल्या. मग म्हणाल्या, 'उद्यापासून चार दिवस अर्धा तास लवकर या. इथे बसा. काही करायचं नाही.'

'का?'

'माझं ऐका म्हणून.'

९ एप्रिल, मंगळवार

बसले. मुलं अंगावरून रांगत होती. काही केलं नाही.

१० एप्रिल, बुधवार

आज ढब्बू माझ्याकडे बघून 'दा' म्हणाला. ऑपरेटरबाई भांडी विसळत होत्या. मागे न वळता म्हणाल्या, 'तुमचा कॉल आहे.'

मी म्हणाले, 'दा.' तो थांबला. पुन्हा 'दा, दा.' मी पुन्हा. असं पाच-सहा वेळा. त्याला मजा येत होती. एक मूल ओठांवर लाळ आणून माझ्या तोंडाकडे टक लावून बघतंय, हे मला दिसत होतं. काचेपलीकडचं दिसावं तसं.

निघताना त्यांना खरं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. 'मला आतून काही होत नाही. उत्तर दिलं, पण खोटं दिलं.'

त्यांनी हात पुसले.

'ऑपरेटरला कुठे काय होत असतं? कुणी मेल्याची बातमी, कुणाचं लग्न – आपण मध्ये बसलेलो. लाईन जोडली जाते, ते महत्त्वाचं. त्याला तुमचं आतलं दिसत नाही. उत्तर आलं की नाही, एवढंच कळतं.' मग म्हणाल्या, 'आणि डॉक्टरकडे जा.'

'आत्ताच तर दाखवलं. ताप उतरला त्याचा.'

'त्याला नाही हो. तुम्हाला. याला औषध असतं. माझ्या भाचीला दिलं होतं.'

१२ एप्रिल, शुक्रवार

शेवटचा अर्धा तास. उत्तरं दिली. तो ठोकळा माझ्या हातात द्यायचा, मी परत द्यायची. बावीस वेळा.

त्यांनी विचारलं, 'पाठवायचंच का?'

मी म्हणाले, वन्सं त्याच्यावर माया करतील. तो माझ्याकडे असला काय, नसला काय, त्याला काय फरक पडतो.

'असं तुम्हाला वाटतं,' म्हणाल्या.

१३ एप्रिल, शनिवार

वन्सं घेऊन गेल्या. कपडे, बाटल्या, औषधं, सगळ्याची यादी करून पिशवीवर चिकटवली. गाडी सुटेपर्यंत नवरा खिडकीशी ढब्बूचा हात धरून उभा होता. त्याचे डोळे लाल. मी त्याच्याकडे बघून विचार करत होते, माणसाला हे कुठून येत असेल?

१४ एप्रिल, रविवार

घर शांत. दहा तास झोपले.

१६ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरकडे गेले. माझ्याहून तरुण बाई. दहा प्रश्नांचा कागद. 'हसू येतं का – पूर्वीइतकं, थोडं कमी, खूप कमी, अजिबात नाही.' खुणा करत गेले. तिने बेरीज केली, पेन खाली ठेवलं. या आजाराला नाव आहे म्हणाली, बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतो. 'नऊ महिने कुणाला कसं बोलला नाहीत?' मी म्हणाले, कुणी विचारलं नाही. काम तर सगळं होत होतं.

गोळ्या सुरू. फरक पडायला तीन-चार आठवडे लागतील.

नवऱ्याला कागद दाखवला. त्याने तो दोनदा वाचला. मग माझ्यासमोर खाली बसला. 'मला वाटलं तू दमलीस. अगं, मला वाटलं तू नुसती दमलीस.' ग्रीसचे हात माझ्या गुडघ्यावर. साडीला डाग पडला. राहू दिला.

१७ एप्रिल, बुधवार

वन्संचा फोन. पहिले दोन दिवस रडून घर डोक्यावर घेतलं म्हणे. आता जरा कमी. 'रमेल हळूहळू.'

१९ एप्रिल, शुक्रवार

सातशे ऐंशी भिंगं. एकही ओरखडा पकडला नाही. सुपरवायझरने पेटी परत पाठवली, त्यात नऊ निघाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

२२ एप्रिल, सोमवार

सकाळी वन्संचा फोन. आवाजात कौतुक. 'अगं, किती शहाणा झालाय म्हणून सांगू! चार दिवस झाले, अजिबात रडला नाही. ठेवावं तिथे बसतो. भरवलं की खातो. पडला तरी आवाज नाही.'

'दा दा करतो का?' मी विचारलं.

'नाही गं. आता काहीच नाही करत. शांत पोर आहे.'

'कशाकडे बोट दाखवतो?'

'कशाला दाखवेल? सगळं हातात देते मी त्याच्या.'

बिचाऱ्या. जिवापाडच सांभाळतायत. खोटं बोलल्या नव्हत्या.

फोन ठेवला. नवरा खुशीत. 'बघ, मी म्हणालो नव्हतो? रमला.'

रमला नाही. तो कुठे जाऊन बसलाय ते मला माहीत आहे. बाहेरून शांत दिसतं, सगळं वेळच्या वेळी होतं, कुणाला त्रास नाही. मी तिथेच राहते. नऊ महिने राहतेय. पण मी एकतीस वर्षांची आहे, मला कागदावर खुणा तरी करता येतात. तो नऊ महिन्यांचा आहे.

त्याला माझा फरक पडणार नाही असं मी म्हणाले होते. महिनाभर त्याने मला रोज हाका मारल्या. ऑपरेटरबाईंकडून आणताना रस्त्याने, घरी, अंघोळीत. मी शेवटचे तीन दिवस उत्तर दिलं. ते खरं उत्तर समजून बसला असेल, आणि चौथ्या दिवशी लाईन तुटली.

शिफ्टच्या आधी ऑपरेटरबाईंकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांच्या कडेवर एक मूल होतं. 'रडतच नाही?' एवढंच विचारलं. मग त्यांनी मला उद्या सकाळच्या गाडीची वेळ सांगितली. पाठ होती.

नवऱ्याला फोन केला. तो कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या वर होता. म्हणाला, 'ताईला काय सांगणार? तिचं काय होईल?'

'मला माहीत नाही. मी आणायला चाललेय.'

लिफ्टचा खडखडाट ऐकू आला. मग म्हणाला, 'मीही येऊ?'

'नको. घरी थांब. त्याचं अंथरूण घाल.'

मला अजूनही काही वाटत नाहीये. गोळ्यांना सहा दिवस झालेत. वाटायची वाट बघत बसले तर तोपर्यंत तो दहा महिन्यांचा होईल.

२३ एप्रिल, मंगळवार

वन्संच्या घरी, दुपार. तो चटईवर बसला होता. मला बघून त्याने तोंड फिरवलं. मी जवळ जाऊन बसले. बऱ्याच वेळाने सरकत सरकत आला, माझा दंड दोन्ही हातांनी धरला आणि कडकडून चावला. मग असा रडला की वन्सं आतून धावत आल्या. 'अगं, गप्प कर त्याला.'

नाही केलं.

दंडावर वळ उठलाय. दुखतंय.