काकीने नाव घेतलं

घोलवड, १२ डिसेंबर २०२५, सकाळ

चि. विनितास काकाचे अनेक आशीर्वाद.

ड्युटीवर तुझा फोन बंद, म्हणून आपल्या पीयूषच्या टेम्पोतून चिकूंची पेटी आणि ही चिठ्ठी तळासरीला पाठवतोय. फळ अजून कडक आहे, लगेच वॉर्डात वाटत सुटू नकोस.

तुझ्या काकीच्या हातात मासे साफ करताना शिंगाळ्याचा काटा रुतला. हळद दाबून पुन्हा कामाला लागली, ऐकते कुणाचं? हात सुजला, ताप चढला. आज मात्र अंग गार आहे, म्हणजे उतरला म्हणायचा. जराशी धापते, एवढंच. पण गंमत ऐक. शेजारणींसमोर तिने मला चक्क हरिश्चंद्र अशी हाक मारून पाणी मागितलं. लग्नातल्या उखाण्यानंतर माझं नाव तिच्या तोंडी आलं नव्हतं. बायका हसून बेजार, मीही मिशीत हसलो.

लांबून माया करतेस, कधी येऊनही कर.

तुझा काका


तळासरी, त्याच दुपारी

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

फोन लावून थकले, तुम्ही उचलत नाही. पीयूषला न जेवू घालताच परत पिटाळतेय. काकीला त्याच टेम्पोतून ताबडतोब डहाणूच्या दवाखान्यात न्या.

ताप उतरलेला नाही, काका. जखमेचा संसर्ग अंगभर पसरला की असंच अंग गार पडतं, धाप लागते, माणूस भ्रमात बोलतो. आम्ही त्याला सेप्सिस म्हणतो. शुद्धीत असती तर काकीने जीव गेला तरी तुमचं नाव घेतलं नसतं. उद्यावर टाकलंत तर काकी हाती लागणार नाही. माझी मैत्रीण पुष्पा तिथे सिस्टर आहे, तिला ही चिठ्ठी दाखवा. घाईत लिहितेय, अक्षराला हसू नका.

आशीर्वाद असू द्या, आज जास्तच.

विनिता


डहाणू, १७ डिसेंबर

चि. विनितास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पुष्पाने चिठ्ठी अर्धी वाचली नि काकीला खाटेवर घेतलं. बीपी पार तळाला गेलेलं. तिने डॉक्टरांना बोलावलं, आणि मी चपला काढेपर्यंत रक्त काढून सलाईन, अँटिबायोटिक सुरूसुद्धा. पुढे लघवीसुद्धा मोजत बसायची. काकीला कळतं तर भांडली असती.

पुष्पा रोज सकाळी माझ्याकडे बोट दाखवून काकीला विचारायची, हे कोण. आधी तिने पुन्हा बेधडक हरिश्चंद्र सांगितलं, तेव्हा कुणी हसलं नाही. मग मला स्वतःचा वारलेला भाऊ ठरवलं.

आज विचारलं, तर तिने पदर सावरला, भिंतीकडे तोंड केलं आणि पुटपुटली की पीयूषचे बाबा आहेत, एवढंही कळत नाही का. पुष्पा म्हणाली, आता काळजी मिटली. मी तिथेच रडलो पोरी, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा.

काकी म्हणते, पत्रात हे लिहू नका. तरी लिहिलं. असाच जीव लावत राहा.

तुझे,
पीयूषचे बाबा