अस्तरावरच्या तीन लाल फुल्या

४ नोव्हेंबर, सकाळी
नातीने फोन सुरू करून दिला. लाल गोळा दाबायचा आणि बोलायचं, फोन लिहून घेतो. तारीख स्वतःच घालतो. मला अक्षर येत नाही, म्हणजे मी काय बोलले ते मलाच वाचता येणार नाही. फार सोयीचं.
हे सगळं डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून. त्या मुलाला म्हणाल्या, आई बोलत नाहीत, रडत नाहीत, हे बरं नाही, त्यांना मोकळं होऊ द्या. मी बोलत नाही असं कुठे आहे? ऐकणारा माणूस गेला, इतकंच. एक्केचाळीस दिवस झाले. मी ठणठणीत आहे.
निश्चय: मास्तरांचे, म्हणजे आमच्या ह्यांचे, कपडे येत्या सोमवारी देऊन टाकायचे. दर सोमवारी जुन्या कपड्यांची गाडी येते. सूनबाईने खोकंही आणून ठेवलंय. खोकं चांगलं आहे.

५ नोव्हेंबर
सगळं भरलं. सहा शर्ट, चार पँट, टोपी, मोजपट्टी. मोजपट्टी कपडा नाही असं नात म्हणाली. मी म्हटलं, चाळीस वर्षं गळ्यात होती, कपडाच आहे.
कोट राहिला. खोक्यात मावत नाही.

६ नोव्हेंबर
मावतो. पण थंडी आहे.

७ नोव्हेंबर, दुपार
कोट घातला. उलटा. अस्तर बाहेर, लोकर आत. मुद्दाम. मास्तरांनी स्वतःसाठी शिवलेला हा एकच कोट, बाकी जन्म दुसऱ्यांचे शिवण्यात गेला. अस्तराची बाजू त्यांच्या अंगाला लागलेली. ती माझ्या अंगाला घासली तर चार दिवसांत माझी होऊन जाईल. म्हणून बाहेर ठेवायची. यात भावनेचा काही संबंध नाही. कापडाचा प्रश्न आहे.
खालची लाँड्रीवाली म्हणाली, आजी, कोट उलटा घातलाय. मी म्हटलं, कोट बरोबर आहे, तू उलटी उभी आहेस. ती मागे वळून बघायला लागली. बाई चांगली आहे, फक्त जरा सरळ आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार
गाडी आली. खोकं बांधायला सुतळी सापडली नाही. शिंप्याच्या घरात सुतळी नाही, म्हणजे बघा.

१२ नोव्हेंबर
दवाखान्यात रांगेत एक तरुण माणूस उलटा कोट घालून. बिचाऱ्याला घरी सांगणारं कोणी नसेल.

१३ नोव्हेंबर
बसमध्ये दोघी.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळी
बँकेतला कारकून उलटा. औषधाच्या दुकानातली मुलगी उलटी. कोणाचा खिसा कुत्र्याच्या जिभेसारखा लोंबतोय, कोणाच्या मानेवर कंपनीची पट्टी. कळस म्हणजे आमचे चिरंजीव. अठ्ठेचाळीस वर्षांचे, इमारतींचे नकाशे तपासतात, एक खिडकी इकडची तिकडे चालवून घेत नाहीत. ऑफिसातून आले ते जाकीट उलटं घालून. विचारलं, हे काय रे? म्हणे सगळेच घालतात. सुरू कोणी केलं? माहीत नाही. कशासाठी? त्यावर त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, बरं वाटतं गं.
एकाने केलं की दुसऱ्याने करायचं. स्वतःचं डोकं म्हणून काही नाही लोकांना. माझ्याकडे निदान कारण आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार
गाडी आली. ड्रायव्हरचंही जाकीट उलटं. पावती लिहायला पेन आतल्या खिशात अडकलेलं, निघेना. मी म्हटलं, पावतीशिवाय मी देत नाही. नियम म्हणजे नियम.

१८ नोव्हेंबर
आज नीट सांगते, कारण नंतर मलाच खरं वाटणार नाही.
बस थांब्यावर एक उंच बाई उभी होती. करडा कोट, उलटा, पिवळं अस्तर बाहेर. बस दिसली म्हणून तिने हात वर केला आणि काखेखाली तीन लाल फुल्या. ओळीत. गव्हाच्या दाण्याएवढ्या.
त्या मास्तरांच्या फुल्या. शिवलेल्या प्रत्येक कपड्याला अस्तरावर, डाव्या काखेखाली, लाल दोऱ्याने तीन फुल्या घालायचे. गिऱ्हाइकाला सांगायचे नाहीत. मी एकदा म्हटलं होतं, कोणाला दिसत नाही तिथे कशाला डोळे फोडता? तर म्हणाले, दिसायला नाही घालत. मग कशाला? तर सुई तोंडात धरली. उत्तर द्यायचं नसलं की सुई तोंडात.
बाई बसमध्ये चढली. मी चढले नाही. माझ्या बसचा नंबर वेगळा होता.

१९ नोव्हेंबर
निश्चय: रोज बाहेर पडायचं. मास्तरांचं शिवणाचं दुकान बंद झालं तेव्हा मला वाटलं, संपलं. पण चाळीस वर्षांचे कोट गेले कुठे? चालताहेत की रस्त्यावर. महिना संपायच्या आत बारा शोधायचे. बारा म्हणजे काहीच नाही.

२२ नोव्हेंबर
चार झाले. चौकात एक वाकलेले शिक्षक, निळं अस्तर. बागेत भांडणारं जोडपं, त्यातला नवरा. मला तिचं म्हणणं पटत होतं, पण फुल्यांमुळे मी त्याच्या बाजूने झाले. चौथा भाजीच्या दुकानात, कोट बापाचा असावा, बाह्या बोटांवर येत होत्या.
दोनदा जेवले. सूनबाई म्हणाली, सासूबाई, चेहऱ्यावर रंग आला. म्हटलं, ऊन लागलंय. मी काही दुःखात नव्हतेच, की आता बाहेर येतेय.

२४ नोव्हेंबर, सोमवार
गाडी येऊन गेली म्हणे. मी कामावर होते. सहा झाले.

२५ नोव्हेंबर, दुपार
सकाळी बाहेर पडले. पहिल्या कोटाला फुल्या. सातवा! दुसऱ्याला फुल्या. आठवा. तिसऱ्याला, चौथ्याला. वळणापर्यंत अकरा झाले. मग एका कुत्र्याच्या अंगावरच्या कोटाला.
मास्तरांनी कुत्र्याचं कधीच शिवलं नाही.
लाँड्रीत आले तर लाँड्रीवाली सुई-दोरा घेऊन बसलेली, समोर कोटांचा ढीग, प्रत्येकाला तीन फुल्या मारतेय. विचारलं, कोणी सांगितलं हे? म्हणाली, आजी, तुम्हाला माहीत नाही? इंटरनेटवर एक म्हातारी आहे, नाव-गाव काही देत नाही, नवरा गेलाय तिचा. तिने कोट उलटा घातला म्हणून सगळ्यांनी घातला. आता तिने फुल्यांचं सांगितलंय. थांबा, वाचून दाखवते.
आणि वाचलं. बस थांबा, पिवळं अस्तर, सुई तोंडात. वाचताना बाईचे डोळे भरून आले. म्हणाली, काय असेल हो त्या माऊलीचं. मी म्हटलं, ठणठणीत असेल.
ढिगात वरचाच कोट चिरंजीवांचा होता.

२५ नोव्हेंबर, संध्याकाळी
नातीला बसवलं आणि विचारलं. तिने लगेच कबूल केलं, हा तिचा गुण आहे. दोष पण हाच, विचारल्याशिवाय काही बोलत नाही. म्हणाली, आजी, तू इतकं छान बोलतेस, ते फोनमध्ये पडून राहणार, मला वाईट वाटलं. नाव नाही टाकलं. वाटलं चार लोक वाचतील. मी म्हटलं, किती वाचतात? तिने आकडा सांगितला. इतकी माणसं एका वेळी उभी कुठे राहतात?
मग रडायला लागली. तिची समजूत घालण्यात माझी मालिका बुडाली.
तिला म्हटलं, माझ्या बापाला वाटायचं मुलीने शिकू नये, तिला वाचायला आलं तर घरातलं बाहेर जाईल. बघ, न शिकताही गेलंच.

२६ नोव्हेंबर
रागावून काय होणार? नीट विचार केला. इतके लोक माझं ऐकतात. मी सांगितलं उलटा, उलटा घातला. सांगितल्या फुल्या, फुल्या घातल्या. खरं तर मी सांगितलंही नव्हतं. मग आता खरोखरच सांगितलं तर किती ऐकतील?
नातीला म्हटलं, इंटरनेटवर टाक हे शेवटचं. हुकूम असा: ज्यांनी नव्या फुल्या घातल्या, त्यांनी त्या उद्या संध्याकाळपर्यंत उसवाव्यात. ज्यांच्या कोटावर आधीपासून आहेत, त्यांनी तशाच ठेवाव्यात. मला शोधायला बरं पडेल.
शुक्रवारपर्यंत सगळं सुरळीत होईल.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
एकाही माणसाने एकही टाका उसवला नाही.
उलट इंटरनेटवर खऱ्या आज्या निघाल्या. नातीने मोजल्या तेव्हा चाळीस होत्या. जी ती म्हणतेय, खरी मी, बाकीच्या खोट्या. एकीचा नवरा वैमानिक होता, त्याचा कोट समुद्रात तरंगत सापडला. मी ऐकत राहिले, चांगली जमवलीय. एकीच्या फुल्या पाच आहेत.
मग लोकांनी मतं टाकून निकाल लावला. त्यात मी खोटी ठरले. मी म्हणे तीस वर्षांचा एक बेकार पुरुष आहे, खोलीत बसून म्हातारीचं सोंग करतो. का, तर खरी आजी असे हुकूम सोडत नाही.
सूनबाई म्हणाली, हे लिहिणारे लोक कधी कोणा आजीच्या घरी राहिले नाहीत वाटतं.

२९ नोव्हेंबर
नातीने ते खातं बंद केलं, माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. आता हे फक्त या फोनमध्ये राहतं. असेल.
थांब्यावर उभी राहिले. हात वर झाला की फुल्या. हात वर झाला की फुल्या. साठपर्यंत मोजलं आणि घरी आले. वरण-भात उरला होता तो तसाच ठेवला.
एक आहे. मास्तरांच्या हातची फुली मला आजही ओळखता येते, लाखात. कशी, ते इथे सांगणार नाही. एकदा सांगितलं तेवढं पुरे.

१ डिसेंबर, सोमवार
फुली ओळखता येते, पण जवळून. म्हणजे किती जवळून, तर माणसाच्या काखेत नाक घालून. आज बँकेच्या रांगेत पुढच्या माणसाच्या बाबतीत प्रयत्न केला. तो वळला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, आजी, चक्कर येतेय का? तिथल्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. भला माणूस. फुल्या लाँड्रीवालीच्या होत्या.
गाडी आली होती. सूनबाईने खोकं उचललं सुद्धा. म्हटलं, उद्या दे. गाडी उद्या येत नाही हे दोघींना माहीत आहे.

५ डिसेंबर
संपलं. चिरंजीव आज जाकीट सरळ घालून आले. कानामागे चमचा होता. म्हटलं, हे काय रे? म्हणे सगळेच लावतात. मी कारण विचारलं नाही.
रस्त्यावर एकही अस्तर नाही. सगळे कोट सरळ झाले आणि फुल्या आत गेल्या. मास्तरांच्याही, लाँड्रीवालीच्याही. मास्तरांचा विचार केला तर त्यांनी ठेवल्या होत्या तिथेच गेल्या. तक्रार करायला जागा नाही.
रोज बाहेर पडायचा निश्चय कायम आहे. उद्यापासून. आज गुडघा दुखतोय.

८ डिसेंबर, सोमवार, दुपार
दवाखान्यात गेले. दारातच नर्स म्हणाली, अगंबाई आजी, कोट उलटा घातलात. थांबा, मी मदत करते. केस तिचे नीट विंचरलेले, कानामागे चमचा. तिला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. म्हटलं, हो की गं, लक्षातच नाही आलं.
तिने बाही धरली, मी हात काढला. कोट उलटताना अस्तराची काख समोर आली, म्हणून बघितलं. फुल्या नाहीत. एकही नाही. दुसऱ्या काखेखालीही नाहीत. एवढे दिवस हा कोट अंगावर वागवला आणि हा एकच कोट मी तपासला नव्हता. स्वतःच्या कोटाला त्यांनी खूण घातलीच नव्हती. हरवला असता तर ओळखणार कशाने होते, कोण जाणे. विचारलं असतं तर सुई तोंडात.
नर्सने बटणं लावून दिली. म्हणाली, आता कशा छान दिसता.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं वाटतंय? म्हटलं, ठणठणीत. त्यांनी लिहून घेतलं.
घरी आले तर पलंगाशेजारी खोकं नाही. गाडी आली होती. सूनबाई म्हणाली, तुम्ही चार सोमवार सांगत होतात ना, म्हणून मीच देऊन टाकलं. पावती घेतलीय. सांगत होते, खरं आहे. खोक्याच्या जागी फरशीवर चौकोन पडलाय, स्वच्छ. चपला ठेवायला बरा आहे.
चहा झाला. उन्हं गेली. घरात उकडतंय तरी कोट अंगातच आहे. सरळ. अस्तर आत, माझ्या बाजूला. काढत नाही. काढला की पुन्हा घालताना कुठली बाजू, ते ठरवावं लागेल.